हडप्पा संस्कृती नदीने घडवली की मापाने?

वजनकाटा (धागाकर्ते)
नदी आली, गाळ आला, धान्य उरले आणि शहरे उभी राहिली, ही मांडणी आपण सारे शाळेपासून वाचत आलो आहोत. सिंधू खोऱ्यापुरते बोलायचे तर मला ती अपुरी वाटते. हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्यात सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे, तरीही इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात दोन्हीकडे विटेची उंची, रुंदी आणि लांबी १:२:४ याच प्रमाणात आढळते. चर्ट नावाच्या कठीण दगडाची घनाकृती वजने १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत जातात, आणि त्यांतले सर्वाधिक आढळणारे वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे आहे. हीच वजने समुद्रापार बहरीनमध्येही सापडली आहेत. ज्याचे तोंडही कधी पाहिलेले नाही अशा माणसाशी व्यवहार करताना दोघांचे माप एक असणे, हेच मला या संस्कृतीच्या यशाचे मूळ वाटते. ही लोकांची सहमती होती.

गाळपेर
मापाचे महत्त्व मान्य आहे, पण आपण कळसाला पाया म्हणत आहात. कार्नेलियन या कठीण तांबूस दगडाच्या एका लांब मण्याला आरपार भोक पाडायला कारागिराचे कित्येक दिवस जात. तेवढे दिवस त्याला जेवू कोणी घातले? पूर ओसरल्यावर ओलाव्यावर पेरलेल्या गहू-जवाने. तोलायला काही उरले, म्हणून वजनांची गरज पडली. दुसरे असे की, पावसाळे क्षीण झाले आणि इ.स.पू. १९०० च्या सुमारास शहरे ओस पडू लागली, तेव्हा ठसे उमटवायच्या मुद्रा, लिपी आणि ही वजनेही हळूहळू दिसेनाशी झाली. माप जर मूळ होते, तर त्याने शहरांना सावरले का नाही?

घोडकाठ
पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथे जव पिकत होता, पाण्यासाठी पाट आणि बांध होता, आणि गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर व त्यालगत धान्याचे कोठार मिळाले. नदी, सिंचन आणि साठा असूनही ही वस्ती शेवटपर्यंत गावच राहिली. तेव्हा धान्य उरले की नगर आपोआप उभे राहते, हे मला पटत नाही.

गाळपेर
घोड आणि सिंधू यांची तुलना कशी होईल? हिमालयातून उतरणारी नदी दरवर्षी नवा गाळ पसरते. दख्खनच्या पठारावरची काळी जमीन, नदीकाठची पट्टी सोडली तर, पावसाच्या भरवशावर असते. इनामगावचे धान्य इनामगावलाच पुरत असावे.

टाके
दोन्ही बाजू हडप्पा संस्कृतीतलेच धोलावीरा विसरत आहेत. कच्छच्या रणातल्या या नगराला बारमाही नदीच नव्हती. मानसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही केवळ पावसाळ्यात वाहणारे. त्यांवर बंधारे घालून पाणी वळवले गेले आणि खडक खोदून व दगडी बांधकाम करून नगराभोवती जलाशयांची माळ उभारली गेली. ज्यांनी हे जलाशय प्रत्यक्ष पाहिले असतील, त्यांना सिंधूचा गाळ हे सार्वत्रिक उत्तर वाटणार नाही. तेथे यश आले ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संघटित श्रमांमुळे.

मात्र धागाकर्त्यांच्या ‘सहमती’ या शब्दावर माझा ठाम आक्षेप आहे. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उरुक येथे इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या ज्या सर्वांत जुन्या मृत्पाट्या (लिहिलेल्या मातीच्या पाट्या) मिळाल्या, त्यांत प्रामुख्याने धान्य, जनावरे आणि शिधा यांचे हिशेब आहेत. माप तेथे वसूल करणाऱ्याच्या हातातले साधन होते. सिंधू खोऱ्यात राजवाडा किंवा राजाची समाधी म्हणून निःसंशय दाखवता येईल असे काही मिळाले नाही हे खरे, पण त्यावरून सक्ती नव्हती असे म्हणता येत नाही. लिपी वाचली गेलेली नाही. वीट सारखी का पाडायची, हे तिला पाडणाऱ्याने ठरवले की त्याच्यावर लादले गेले, याचा निवाडा आपण कशाच्या आधारे करायचा?

वजनकाटा
‘सहमती’ हा शब्द मी मागे घेतो. पुराव्यापेक्षा जास्त बोललो. धोलावीऱ्याचे जलाशय मात्र मला माझ्याच बाजूचे वाटतात, कारण ओढ्याचे पाणी एका टाक्यातून दुसऱ्यात नेणारा उतार मोजल्याशिवाय साधत नाही.

गाळपेर, आपला प्रश्न रास्त आहे, परंतु इ.स.पू. १९०० नंतर शेती थांबली नव्हती. पूर्वेकडे हरियाणा आणि उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात उत्तर हडप्पा (म्हणजे शहरे ओस पडल्यानंतरच्या) काळातील लहान वस्त्यांची संख्या वाढलेली दिसते, म्हणजे माणसे होती आणि पीकही होते. नव्हती ती सामायिक वजने, मुद्रा आणि दूरचा व्यापार. आणि त्या भागात पुन्हा नगरे उभी राहायला सुमारे हजार वर्षे लागली.

गाळपेर
ही हजार वर्षे मला विचारात पाडतात. तरीही त्या गावांत शहराला पुरेल इतके धान्य उरत होते का, हे कोठारांच्या अवशेषांवरून दाखवता आले, तरच मी माझी बाजू सोडेन.