'अँटिगनी'ची ऑडिशन: आधी कोरस की आधी क्रिऑन?

(चौघांची चर्चा. 'मागची रांग', 'तिसरी घंटा', 'संबळ' आणि 'प्रॉम्प्टर' ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

मागची रांग

ग्रीक शोकांतिका बसवायची म्हटलं की हौशी संघांची ऑडिशन ठरलेलीच असते. दोन मिनिटांचं स्वगत पाठ करून या, नाव-गाव सांगा, सुरू करा. पोरं एखादं गाजलेलं स्वगत घेऊन येतात, ऊर बडवतात, आणि ज्याचा आवाज सगळ्यात आधी फाटतो त्याला राजा करतात. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'साठी ही पद्धत साफ चुकीची. आधी कोरस निवडा, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा थेब्ज नगरीच्या वडीलधाऱ्यांचा समूह; राजाराणी नंतर.

सोफोक्लिसच्या कोरसमध्ये 15 जण असत. आपल्या नाट्यगृहांत 9 पुरतात. 7 च्या खाली गेलात तर ते थेब्जचे वडीलधारे न वाटता पारावर बसलेली रिकामी मंडळी वाटतात.

पाच-पाच जणांना एकदम आत घ्या. कोरसगीताच्या 8 ओळी हातात द्या, पाठांतराला 10 मिनिटं. मग एकत्र म्हणायला लावा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. ओळ 'नगर'वर संपत असेल तर शेवटचा 'र' पाच ठिकाणी पडतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. जो शेजाऱ्याचा 'र' ऐकून आपला टाकतो, त्याच्या नावापुढे खूण करा. मग श्वास बघा. सगळे एकाच जागी श्वास घेतात आणि ओळीत खड्डा पडतो. 'एकमेकांचा बघून चोरून घ्या' एवढंच सांगा आणि पुन्हा म्हणून घ्या. दुसऱ्या वेळी खड्डा भरला तर तो गट शिकणारा आहे. शेवटी चालवा. कोरसगीताची कडवी जोडीने येतात, दोन्ही एकाच मापाची. एकाला उजवीकडे न्या, दुसऱ्याला डावीकडे. वळताना हनुवटी पायाकडे जाते आणि आवाज अर्धा होतो. दिंडीत पावली खेळलेल्यांचं तसं होत नाही. त्यांचे पाय, टाळ आणि तोंड तिन्ही एकदम चालतात.

तिसरी घंटा

ऐकायला छान. पण नाटक कोणाच्या डोक्यावर उभं आहे ते बघा. मूळ संहिता 1353 ओळींची. अँटिगनी 943 व्या ओळीच्या आसपास रंगमंचावरून जाते ती परत येत नाही. पुढच्या 400 ओळी कोणाच्या? क्रिऑनच्या, थेब्जच्या राजाच्या. भूमिका त्याचीच सगळ्यात मोठी. क्रिऑन मिळाला नाही तर नाटकच बदला, कोरस घेऊन काय करणार?

आणि 9 जण टिकणार कसे? राज्य नाट्य स्पर्धेची तालीम ऐन सोयाबीनच्या काढणीत येते, त्यातच कॉलेजच्या परीक्षा. सहा आठवड्यांत 9 चे 6 होतात. मग उरलेल्यांना सगळ्या वळणांच्या जागा पुन्हा शिकवा.

क्रिऑनची परीक्षा स्वगतावर नको, इथवर सहमत. त्याचा मुलगा हायमॉन याच्याबरोबरचा प्रसंग द्या. आधी बाप-लेकाची 40-40 ओळींची भाषणं आहेत, मग एकेका ओळीची जुगलबंदी. ऑडिशनला जुगलबंदीच्या 12 ओळी पुरे. समोर हायमॉन वाचणारा माणूस सगळ्यांसाठी एकच ठेवा, नाहीतर तुम्ही क्रिऑन नव्हे, जोडी तपासताय. नेहमीची चूक अशी: तिसऱ्याच ओळीला दोघं टिपेला पोचतात आणि पुढच्या नऊ ओळींना वर जायला जागा राहत नाही. 'आवाज आहे तिथंच ठेवा, फक्त समोरच्याची ओळ संपण्याच्या आत तुमचा श्वास भरून झालेला पाहिजे' असं सांगून परत वाचून घ्या. ज्याला हे जमतं तो राजा. दाढी आणि उंची शेवटी बघा.

संबळ

दोघांनी मुद्द्याचं ठेवलं बाजूला. भाषेचं काय? आपल्याकडं परीक्षकाचा कान पहिल्या वाक्यात 'पानी' आलं की बंद होतो. पोरगं परभणीचं असो की औशाचं, 'ण' गेला की पोरगं गेलं. हे अन्यायाचं तर आहेच, वर अडाणीपणाचं. 'ण' चार आठवड्यांत येतो. रोज 'बाण, प्राण, रण, चरण' 10 मिनिटं, जीभ टाळूला मागे लावून. लय चार आठवड्यांत येत नाही.

आणि ज्यांना प्रमाण भाषेचा सोस आहे त्यांनी मूळ नाटक बघावं. संवाद अथेन्सच्या बोलीत आणि कोरसची गाणी डोरिक, म्हणजे दुसऱ्या ग्रीक बोलीच्या वळणाची, हे ग्रीक शोकांतिकेतच आहे. म्हणजे एकाच नाटकात दोन भाषा हा दोष नाही, ती रीत आहे. आपला कोरस 'का'ऐवजी 'कामून' म्हणाला तर सोफोक्लिस काही उठून बसत नाही.

तिसरी घंटा

बोली पहारेकऱ्याला द्या की. तो तसाही घाबरलेला, लांबण लावणारा, साधा माणूस आहे. तिथं 'लै भ्या वाटायलं सरकार' हे फिट बसतं.

संबळ

हेच नको! राजा पुण्याचं बोलणार, अँटिगनी पुण्याचं बोलणार, आणि हसायला आलं की मराठवाडी. लातूरच्या प्रेक्षकानं स्वतःच्याच बोलीवर हसायचं का? बोली द्यायची तर कोरसला द्या, गंभीर जागी द्या. नाहीतर कोणालाच देऊ नका.

प्रॉम्प्टर

तिसरी घंटा, क्रिऑनला एवढं डोक्यावर घेताय म्हणून एक आठवण. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस यानं इ.स.पू. 343 च्या भाषणात आधी नट असलेल्या आपल्या प्रतिस्पर्धी एस्किनीसला टोमणा मारला तो हाच, की अँटिगनीत तू क्रिऑन करायचास, आणि राजदंड घेऊन मिरवायची कामं तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या नटाची. ग्रीक रंगभूमीवर बोलणारे नट तीनच, मुखवटे बदलून सगळी पात्रं त्यांचीच. पहारेकरी गेल्यावर बऱ्याच ओळींनी अँटिगनीची बहीण इस्मिनी येते, ती दोन्ही कामं एकाला झेपतात. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर ऑडिशनला हेच तपासा: एकाच उमेदवाराला आधी पहारेकरी, मग मध्ये फक्त पाणी पिण्याएवढा वेळ देऊन इस्मिनी. नुसता आवाज बारीक केला तर बाद. खांदे आणि चालण्याचा वेग बदलला तर ठेवा.

तिसरी घंटा

टोमणा मान्य. पण डेमॉस्थेनिस एस्किनीसचा हाडवैरी होता. वैऱ्याच्या साक्षीवर पात्रयोजना करत नाहीत.

मागची रांग

हे मात्र खरं! माणसं गळतात हाही मुद्दा मानतो. 9 हवे असतील तर 12 निवडा आणि पहिल्या दिवशीच सांगून टाका. पण निरोप्याबद्दल कोणीच बोलेना. नाटकातले सगळे मृत्यू पडद्याआड होतात, प्रेक्षकाला दिसतो तो फक्त निरोप्या. आपल्याकडे लगेच कीर्तनकाराचं नाव पुढे येतं. वाणी स्वच्छ, पल्ला लांब, मान्य. पण कीर्तनकार लोकांकडे बघून बोलतो आणि दर चार वाक्यांनी टाळकऱ्यांच्या साथीची वाट बघतो. हा निरोप्या क्रिऑनच्या बायकोला, युरिडिसीला, तिच्याच लेकाचं मरण सांगतोय. ऑडिशनला समोर एक बाई उभी करा, तिला एक शब्दही बोलू देऊ नका. सांगणारा मध्येच तिच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य आवरतो का, तेवढं बघा. ती काही न बोलता आत निघून जाते, आणि ते जाणं त्याच्या नजरेतून कळलं पाहिजे.

संबळ

तिथं गोंधळी घ्या. कथा लावणारा नाईक आणि त्याला मध्येच आडवे प्रश्न टाकणारा साथीदार, दोघांना एकमेकांकडे बघून सांगायची सवय असते. कोरसचा म्होरक्यासुद्धा त्यातूनच निघेल.

राहिला शेवटचा विलाप. क्रिऑन लेकाचं प्रेत घेऊन येतो तिथं मालिकेतलं रडणं चालत नाही. मयतीच्या घरी बाया हेल काढून रडतात ते आठवा: हेल लांब, पण मेलेल्याचं नाव, नातं, राहून गेलेलं, प्रत्येक शब्द कळतो. उमेदवाराला एकच ओळ द्या, हेल काढून तीनदा. तिसऱ्यांदाही शब्द कळला आणि घसा बसला नाही तर घ्या. ही परीक्षा दिवसाच्या शेवटी ठेवा, नाहीतर पुढचं वाचन खरखरतं.

तिसरी घंटा

ती ओळ मागच्या रांगेत बसून ऐका, पंखे चालू ठेवून. मे-जूनमध्ये ऑडिशन घेणार आणि पंखे बंद करून आवाज तपासणार, तर प्रयोगाला शब्द कुठं गेले ते शोधत बसाल. आणि कोरस आधी हे मला अजूनही पटलेलं नाही.