मदत हवी आहे: हाताखाली कोणी नाही, पण काम तर करून घ्यायचंय

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. टूल बदललं की पहिला पीस मोजायचा, नोंद करायची, मगच लॉट चालवायचा, असा नियम. पण ऑपरेटर ऐकतात प्रॉडक्शनच्या सुपरवायझरचं, आणि त्याला दिसतं फक्त टार्गेट. रात्रपाळीत तर रजिस्टर शिफ्ट संपताना एकदमच भरतात. सगळे आकडे एकाच पेनाने, एका दमात! वर तक्रार केली तर उद्यापासून लाइनवर मला कोणी विचारणार नाही. एक जुने काका आहेत, त्यांचा शब्द सगळे मानतात. आधी त्यांना विश्वासात घेऊ, की सुपरवायझरला रिजेक्शनचे आकडे दाखवू? कोणी असं निभावलंय का?