सॅम बर्जेसची कारकीर्द एकाच सामन्यापुरती होती का?

प्रश्न: रग्बी लीगमधील इंग्लंडचा फॉरवर्ड सॅम बर्जेस बहुतेकांना एनआरएल या ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग स्पर्धेच्या २०१४च्या अंतिम सामन्यामुळेच आठवतो, हे न्याय्य आहे का?

प्रतिसाद १: त्या सामन्यातील पहिल्याच धडकेत प्रतिस्पर्धी जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर आदळून बर्जेसच्या गालाचे हाड मोडले, तरीही सुजलेल्या डोळ्यानिशी तो अखेरपर्यंत झुंजला आणि त्याच्या साऊथ सिडनी संघाने ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवले. असा खेळ विसरायचा तरी कसा?

प्रतिसाद २: मान्य आहे, परंतु ब्रॅडफर्ड या इंग्लिश क्लबमध्ये झालेली त्याची जडणघडण आणि २०१७च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला अवघ्या सहा गुणांवर रोखणारा इंग्लंडचा संघ, हेही जमेस धरावे. मधले रग्बी युनियनचे (रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराचे) वर्ष मात्र मला चुकलेली वाट वाटते.

प्रतिसाद ३: खांद्याच्या दुखापतीने त्याला २०१९मध्ये, तिसाव्या वर्षीच थांबवले, याची मला अजूनही हळहळ वाटते.