खासबागेतल्या कुस्तीच्या क्लिपा: हलगीनं कान फुटतात, निवेदन ऐकूच येत नाही

प्रश्न
कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या 14 क्लिपा आहेत. काही मोबाइलवरच्या, काही कॅमेऱ्यावरच्या. सलग जोडून यूट्यूबला टाकायच्यात. सगळ्यांचं पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) -1 डीबीला नॉर्मलाइझ केलं, म्हणजे त्या पातळीवर आणलं, तरी क्लिप बदलली की आवाज दणकन चढतो नाहीतर बसतो. नेमकं काय मोजायचं?

उत्तर 1
भावा, पीकवर जाऊ नकोस. हलगीचा एक टोला -1 ला पोचला की सॉफ्टवेअरच्या लेखी काम झालं. निवेदक होता तिथंच तळाला राहतो. कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतात; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या क्लिपा निवडून राइट क्लिक, नॉर्मलाइझ ऑडिओ लेव्हल्स, मोड आयटीयू बीएस 1770 (हा मोठेपणा मोजायची पद्धत), टार्गेट -16, आणि 'इंडिपेंडंट' (प्रत्येक क्लिप वेगळी) निवड. 'रिलेटिव्ह' ठेवलंस तर क्लिपांमधला फरक आहे तसाच राहतो.

उत्तर 2
वरचं बरोबर, पण कुस्तीच्या क्लिपला ते तेवढ्यावर भागत नाही. पूर्ण क्लिपचा आकडा काढताना मीटर सरासरीपेक्षा 10 एलयू (1 एलयू म्हणजे 1 डीबीचा फरक) खालचा भाग मोजणीतून वगळतं. समजा अर्धा वेळ हलगी -14 ला आहे आणि अर्धा वेळ निवेदन -30 ला. सरासरी -17 च्या आसपास, म्हणजे -27 च्या खालचं सगळं बाद. निवेदन मोजलंच जात नाही, आकडा निव्वळ हलगीचा येतो!

म्हणून हलगी आणि निवेदन ब्लेड टूलनं वेगळं काप, जोडावर 2-3 फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा चढतो तो) दे, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो. मग तुकडे वेगवेगळे मोज. निवेदन -16, हलगी -12 पर्यंत. हलगी थोडी वर हवीच, ती दाबली तर मैदानाची रग जाते. दोन्ही एकत्र असतील तिथं 3:1 कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) लाव. शेवटी मास्टरला, म्हणजे सगळ्याच्या एकत्र आवाजाला, लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा), ट्रू पीक (सॅम्पलांच्या मधलंही खरं टोक) -1. एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये करताना पीक थोडं वर सरकतं.

प्रश्नकर्ता
कॅमेऱ्याच्या क्लिपांत कॉलर माइक फक्त डाव्या चॅनेलला आहे. चालेल?

उत्तर 2
आधी तो दोन्ही चॅनेलला घे, मगच मोज. एकाच बाजूला असताना आकडा 3 एलयू कमी दिसतो. नंतर दोन्हीकडे केलास तर क्लिप तेवढीच चढते आणि सगळी जुळवणी परत करावी लागते.

उत्तर 3
एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरच्या लाउडनॉर्म फिल्टरनं करणार असशील तर दोन फेऱ्यांत कर: पहिलीत मोजणी, दुसरीत तेच आकडे देऊन लिनिअर मोड (सगळीकडे सारखाच बदल). पीक आड आलं तर तो गुपचूप क्षणाक्षणाला आवाज कमी-जास्त करणाऱ्या डायनॅमिक मोडमध्ये जातो आणि दोन वाक्यांमधला प्रेक्षकांचा गलका फुगतो. त्या मोडमध्ये सॅम्पल रेटही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) 192 किलोहर्ट्झ होतो, म्हणून 48000 स्वतः लिहून दे. व्हिडिओ कॉपीवर ठेव, चित्र परत एन्कोड होत नाही.

अपलोड झाल्यावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघड. 'कंटेंट लाउडनेस'समोर उणे 6 दिसलं तर व्हिडिओ यूट्यूबच्या पातळीपेक्षा 6 डीबी हळू आहे. साधारण -14 च्या वरचा आवाज यूट्यूब खाली ओढतं, पण हळू असलेला वर उचलत नाही.