योजना फसली, रखडली, बारगळली की कोलमडली?

विचारणा (अनुवादक, पुणे)

नमस्कार. स्पर्धा परीक्षांच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. विकसनशील देशांच्या महत्त्वाकांक्षी राष्ट्रीय योजना अपयशी का ठरतात, असं एक प्रकरण त्यात आहे आणि उदाहरणं आपल्या पंचवार्षिक योजनांची आहेत. मी लिहिलं, ‘तिसरी पंचवार्षिक योजना फसली.’ संपादकांनी ‘फसली’ खोडून ‘रखडली’ केलं. मुद्रितशोधकांनी समासात ‘बारगळली?’ असं लिहून पान परत पाठवलं. हे तिन्ही शब्द समानार्थी मानायचे का? नसतील, तर इथे कुठला बसेल?

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, अर्थशास्त्र, कोल्हापूर)

ताई, समानार्थी मुळीच नाहीत. मराठीत योजना बिघडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं क्रियापद आहे आणि आपल्या योजनांच्या इतिहासात त्या सगळ्या तऱ्हा सापडतात.

‘फसणे’ हे डावाचं, बेताचं, अंदाजाचं क्रियापद. काम केलं, पण हिशेब चुकला. दुसऱ्या योजनेत (१९५६–६१) परकीय चलनाचा अंदाज असा फसला. ही योजना आखणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या आराखड्यात भर होता अवजड उद्योगांवर. पोलादाचे कारखाने उभारायचे तर यंत्रं बाहेरून आणावी लागणार, आणि त्यासाठी लंडनमधली आपली स्टर्लिंगची, म्हणजे ब्रिटिश पौंडांची, शिल्लक होती. ती धरल्यापेक्षा फार लवकर आटली. १९५७ मध्येच योजनेला कात्री लावून ‘गाभा’ तेवढा वाचवायची वेळ आली, आणि १९५८ मध्ये मदत देणाऱ्या देशांचा गट उभा राहिला. तरीही दुसरी योजनाच फसली असं मी म्हणणार नाही. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर उभे राहिले. वाढीचं लक्ष्य साडेचार टक्के होतं, प्रत्यक्षात सव्वाचारच्या आसपास पोचलो. अंदाज फसला, योजना तगली.

‘बारगळणे’ म्हणजे सुरू होण्याआधीच मोडणे. ठरलेलं लग्न बारगळतं, झालेलं नाही. चौथी योजना १९६६ पासून लागू व्हायची होती, मसुदाही निघाला होता, ती बारगळली. त्याऐवजी १९६६ ते ६९ तीन वार्षिक योजनांवर देश चालला. पाठ्यपुस्तकांत या काळाला ‘योजनेची सुट्टी’ म्हणतात. मला तो शब्द फार खटकतो. दुष्काळ आणि परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहणं यांत गेलेल्या वर्षांना सुट्टी कसं म्हणायचं? पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि नवी चौथी योजना १९६९ मध्ये सुरू झाली.

‘गुंडाळणे’ला गुंडाळणारा लागतो. पाचवी योजना जनता सरकारने १९७८ मध्ये, मुदतीआधी एक वर्ष गुंडाळली आणि ‘सरकती योजना’, म्हणजे दरवर्षी पुढे सरकवत नव्याने आखायची योजना, आणली. १९८० मध्ये सत्ता पालटल्यावर सरकती योजनाही गुंडाळली गेली. पाचवीचा वाढीचा आकडा लक्ष्यापेक्षा थोडा वरच होता, हे लक्षात घ्या. गुंडाळलेली प्रत्येक योजना अपयशी असतेच असं नाही.

आता तुमची तिसरी (१९६१–६६). लक्ष्य ५.६ टक्के, प्रत्यक्षात २.८ च्या आसपास, म्हणजे निम्मं. मधे १९६२ चं चीनचं युद्ध, संरक्षणखर्च वाढला. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध, अमेरिकेची मदत थांबली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. वरून भार येत गेला आणि खालचे खांब तेवढे भक्कम नव्हते. खांब म्हणजे शेती. निम्म्याहून अधिक शेती पावसाच्या भरवशावर असताना पोलादाची गणितं मांडली गेली. याला मराठीत ‘कोलमडली’ म्हणतात. तुमच्या वाक्यात तोच शब्द घाला.

प्रतिसाद (निवृत्त अभियंता, भंडारा)

प्राध्यापक महोदयांनी ‘रखडली’ सोडून दिलं. ते माझ्याकडे द्या. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात तीस वर्षं काढली आणि या शब्दाने माझं अर्धं आयुष्य व्यापलंय.

रखडणे म्हणजे सुरू झालेलं काम धड पुढे न जाणे आणि थांबलं असंही जाहीर न होणे. आमच्याकडचा गोसीखुर्द धरणाचा प्रकल्प घ्या, पवनी तालुक्यात वैनगंगेवर. मूळ किंमत ३७२ कोटी. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. २०१६ पर्यंत मान्य किंमत १८,४९४ कोटी झाली होती. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेला मुलगा तोवर अठ्ठावीस वर्षांचा झाला होता.

असं का होतं, ते आमच्या शब्दांवरून कळतं. प्रकल्पाला पहिली मिळते ती ‘प्रमा’, म्हणजे प्रशासकीय मान्यता. खर्च वाढला की ‘सुप्रमा’, सुधारित प्रशासकीय मान्यता. लोक पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा असं मोजतात, एखाद्या घरातल्या बाळंतपणांसारखं. चक्र असं की राज्यात एकाच वेळी शेकडो कामं काढलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला तरतूद थोडी येते. एक ना धड, भाराभर चिंध्या. तरतूद थोडी म्हणून काम लांबतं. काम लांबलं की दरसूची, म्हणजे सरकारी कामांच्या दरांची यादी, बदलते, आणि जुन्या मान्यतेत उरलेलं काम बसत नाही. मग सुप्रमेची फाईल मुंबईला जाते. ती परत येईतो पुन्हा दर वाढलेले.

भूमिपूजनाला गर्दी जमते, घळभरणीला, म्हणजे धरणाच्या भिंतीतली नदीपात्राची शेवटची फट बुजवताना, फोटो निघतात. वितरिका आणि पाटचाऱ्या या शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान कालव्यांना कोणी येत नाही. धरणात पाणी दिसतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला चारी दिसत नाही. भूसंपादन एका गावात अडलं की कालव्याची त्याच्यापुढची सगळी लांबी कोरडी.

मी स्वतः एका प्रकल्पावर सात वर्षं ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं मासिक अहवालात लिहिलं. खोटं नव्हतं, काम खरोखरच चाललेलं असायचं, आठ मजुरांचं. पण त्या वाक्याने मी कोणाला तरी प्रश्नांपासून वाचवत होतो, हे मला आता बोचतं. म्हणून ‘रखडली’ला माझी हरकत आहे. त्याला कर्ता नाही. पाऊस रखडतो, बस रखडते, तशी योजना आपोआप रखडत नाही. कोणीतरी पैसा पसरून टाकलेला असतो, कोणीतरी संपादनाचा मोबदला दिलेला नसतो. ताईंनी जिथे ‘रखडली’ लिहायचं असेल तिथे कोणी, काय न केल्यामुळे, तेही त्याच वाक्यात लिहावं.

प्रतिसाद (मराठीची शिक्षिका, नाशिक)

अभियंता काकांच्या ‘तरतूद’वरून सांगते. हा फारसीतून आलेला ‘तरद्दुद’. तिकडे त्याचा अर्थ येरझार, चिंता, खटपट. आपण त्याची ‘पैशाची सोय’ केली. अर्थसंकल्पात आकडा छापला की तरतूद झाली. खटपटीचा अर्थ मात्र गळून गेला.

‘अंमलबजावणी’ही पाहण्यासारखा आहे. ‘अमल’ अरबी, म्हणजे कृती. मराठीत आल्यावर तो सत्तेचा झाला. पेशव्यांचा अंमल, अंमलदार. दारूचा अंमलही त्यातलाच. ‘बजावणे’ आपण नोटिशीला वापरतो, ताकीद देण्यालाही वापरतो. त्यामुळे अंमलबजावणी म्हटलं की मराठी मनात हुकूम वरून खाली येतो. १९५२ च्या गांधीजयंतीला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावाने आपला विकास आपण करावा हा हेतू होता. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीला दिसलं की गाव त्यात उतरलेलंच नाही. काम सरकारचं आणि गाव बघ्याचं. त्यातूनच पुढे पंचायत राज आलं आणि महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या.

आणि खुद्द ‘योजना’? संस्कृत युज्, जोडणे, जुंपणे. ‘अयोग्यः पुरुषो नास्ति योजकस्तत्र दुर्लभः’ हे सुभाषित शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. निरुपयोगी माणूस नसतोच, त्याला योग्य जागी जोडणारा दुर्मीळ. या अर्थाने बैल, औत आणि रान जोडेपर्यंत योजना झालेलीच नसते, झालेला असतो तो आराखडा. आपण छापील आराखड्यालाच योजना म्हणू लागलो आणि जोडण्याच्या कामाला ‘अंमलबजावणी’ हे वेगळं, खालच्या पायरीचं नाव दिलं. माझ्या मते अर्धा घोटाळा इथे आहे.

प्रतिसाद (माजी आरोग्य कर्मचारी, सोलापूर)

लक्ष्य, उद्दिष्ट, इष्टांक यावरही बोलायला हवं. लक्ष्य म्हणजे नेम धरायची खूण. उद्दिष्ट म्हणजे दाखवून दिलेली दिशा. इष्टांक हा निव्वळ आकडा. खेड्यातल्या कर्मचाऱ्याच्या हातात शेवटी इष्टांकच पडतो.

१९७६–७७ मध्ये, आणीबाणीत, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना ‘केस’ आणायला सांगितलं जायचं. माणसाला ‘केस’ म्हणायची ती सवय आमच्या खात्यात पुढे कित्येक वर्षं टिकली. महाराष्ट्राने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. कागदावर ती योजना फसली नव्हती, इष्टांक पार झाला होता. पण नंतर लोक साध्या लसीकरणालाही आम्हाला दारात उभं करेनात. या प्रकाराला मराठीत कुठलं क्रियापद आहे? मला सापडलेलं नाही.

प्रतिसाद (अर्थशास्त्राचे प्राध्यापक, पुन्हा)

‘अंगाशी आली’ म्हणता येईल, पण ती कर्त्याच्या अंगाशी. इथे ती लोकांच्या अंगाशी आली. तुमचा प्रश्न खरा आहे.

टिकलेल्या कामाचंही एक उदाहरण देतो, कारण त्याच्या नावात उत्तर आहे. रोजगार हमी योजना, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, म्हणजे पैशाचा झरा वेगळा राखला. खोटी हजेरीपत्रकं, अर्धवट नालाबंडिंग, सगळे दोष तिच्यातही निघाले. पण ‘हमी’ शब्दामुळे मजूर तहसीलवर मोर्चा नेऊन काम मागू शकला. योजनेचा लाभार्थी असतो. हमीचा हक्कदार असतो. लाभार्थी वाट पाहतो.

जाता जाता, ताई, प्रकरणाच्या नावातलं ‘महत्त्वाकांक्षी’ काढता आलं तर काढा. आकांक्षा माणसाला असते. योजनेला ती चिकटवली की कोणाला मोठं व्हायचं होतं, ते झाकलं जातं. ‘मोठ्या योजना’ पुरेसं आहे.

विचारणारी (पुणे)

सगळ्यांची ऋणी आहे. संपादकांशी बोलले. शीर्षक ‘मोठ्या राष्ट्रीय योजना’ असं झालं. वाक्य आता असं आहे: ‘दोन युद्धं, थांबलेली मदत आणि पावसावर अवलंबून असलेली शेती यांच्या भाराखाली तिसरी योजना कोलमडली, आणि त्यामुळे १९६६ ची चौथी बारगळली.’

‘रखडली’ संपादकांना सोडवेना. ते त्यांनी पुढच्या परिच्छेदात, पाटबंधाऱ्यांच्या वाक्यात नेलं. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्याला कर्ता द्यायला बसलो, आणि आम्हा दोघांची अख्खी दुपार त्या एका वाक्यात गेली.