एक जेसीबी आहे, पिथमपूरचं मोठं काम आलंय: दुसरी मशीन घ्यावी का? (इंदूर)

राऊकर
नमस्कार मंडळी. राऊला राहतो, खोदकाम आणि पेव्हर ब्लॉकची कामं घेतो. वडील एका ठेकेदाराकडे मुकादम होते, त्यांच्यासोबत फिरून हात बसला. आज स्वतःची एक सेकंडहँड जेसीबी, एक प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं छोटं यंत्र), ट्रॅक्टर-ट्रॉली आणि झाबुआकडची आठ-दहा माणसं आहेत. कामं म्हणजे कॉलोनीतली अंगणं नि पार्किंग, बायपासवरच्या शोरूमांसमोरची जागा, सुपर कॉरिडॉरकडे पायाची खोदाई.

आता पिथमपूरच्या एका कारखान्याने ट्रक उभे करायच्या आवाराचं काम विचारलंय, साधारण ३,००० चौरस मीटर. काळी माती काढून, मुरूम-गिट्टी भरून, वर ६० मिमीचे ब्लॉक. एवढं मोठं काम माझ्याकडे आजवर आलेलं नाही. बँक दुसऱ्या मशीनला कर्ज द्यायला तयार आहे आणि घरचे म्हणतात घेऊन टाक. मला मात्र झोप लागत नाही, कारण एका बिल्डरकडे माझे पैसे दिवाळीपासून अडकलेत. ते आले नाहीत तर माणसांना उचल कुठून देऊ? मशीन घेऊ की थांबू? या धंद्यात मुरलेल्यांनी सांगावं.

अन्नपूर्णावाले काका
मशीनचा निर्णय तासांवर करा. हप्ता ५५ हजार, ऑपरेटर २० हजार, विमा-टायर-दुरुस्ती मिळून १५ हजार असं धरलं, तर मशीन नुसती उभी राहिली तरी महिन्याला ९० हजार खाते. तासाचा भाव १,२०० धरा, त्यातले डिझेलचे ४७५ गेले, हातात उरले ७२५. म्हणजे महिन्याला सव्वाशे तास चालली तर फक्त बरोबरी, नफा शून्य. तेही बाराही महिने. आपल्या माळव्यात पाऊस लागला की काळ्या मातीत चाक रुततं, जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत काम नावापुरतंच. हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही. त्या महिन्यांचा बोजा उरलेल्या नऊ महिन्यांवर टाकला, की महिन्याला १६५ तास तरी पाहिजेत. तुमची आताची मशीन एवढी चालते का? मशीनच्या तासांच्या मीटरचे आकडे काढून बघा. ती पूर्ण भरून चालत असेल आणि तरीही दर महिन्याला भाड्याची आणावी लागत असेल, तरच दुसरी.

पिथमपूरला भाड्याची मशीन लावा. खोदाई पहिल्या टप्प्यातच उरकते, पुढचं सगळं काम भराव, दाबणं आणि ब्लॉक बसवणं यांचं असतं. तिथे व्हायब्रो रोलर (थरथरत दाबणारा रोलर) लागतो आणि तोही भाड्याने मिळतो. पैसा घालायचाच असेल तर आणखी एक चांगला प्लेट कॉम्पॅक्टर, ब्लॉक कटर आणि ऑटो लेव्हल (उंची-उतार मोजायची दुर्बीण) घ्या. लेव्हल लावणारा माणूस स्वतःचा तयार करा. एवढ्या मोठ्या आवारात दोरीने काढलेला उतार फसतो, आणि पाणी कुठे साचलं हे मालकाला पहिल्याच पावसात दिसतं.

मातीच्या फेऱ्यांचा हिशेब नीट मांडा. ३,००० चौरस मीटर आणि खोली ६० सेंटीमीटर, म्हणजे खड्ड्याच्या मापाने १,८०० घनमीटर. खोदलेली माती फुगते, २५ ते ३० टक्के धरा. दहा घनमीटरच्या डंपरच्या १८० नाही, सव्वादोनशेच्या वर फेऱ्या होतील. भाव मात्र खड्ड्याच्या मापाने मिळतो. या एका फरकात पूर्ण कामाचा नफा निघून गेलेला मी बघितलाय.

आणि माप! भराव पडण्याआधी दर पाच मीटरवर खोली मोजून वहीत लिहा, त्यांच्या इंजिनिअरची त्याच दिवशी सही घ्या. एकदा मुरूम पडला की खाली किती खोदलं हे कोणी मान्य करत नाही. मुरूम घ्याल त्याची रॉयल्टीची (खनिजावरच्या सरकारी शुल्काची) पावतीही जपून ठेवा. आज कारखाना विचारणार नाही, पण उद्या नगर निगमाचं किंवा पीडब्ल्यूडीचं काम घ्याल तेव्हा पावती नसली की रक्कम बिलातून कापतात. सवय आतापासूनच असलेली बरी.

साइटवाली ताई
६० मिमी वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, ६० मिमी, एम-३५ (एम म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) हा हलक्या वाहतुकीसाठी आहे. मध्यम वाहतुकीला ८० मिमी, एम-४० आणि जड वाहतुकीला १०० मिमी, एम-५०. भरलेले ट्रक जिथे वळणार, उभे राहणार, तिथे ६० मिमी बसवून देऊ नका, मालकाने सांगितलं तरीही. नाव तुमचं जाईल.

खालचा थर त्याहून महत्त्वाचा. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचं माप) बऱ्याचदा २-३ टक्केच येतो. तेव्हा भाव देण्याआधी सीबीआरची चाचणी मागा, खर्च मालकाचा. काळी माती जमेल तितकी काढा, न फुगणारा मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थर पाणी मारून दाबा, मग जीएसबी (मुरूम-खडीचा खालचा थर) आणि डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर). ब्लॉकखाली धुतलेली जाड वाळू, दाबल्यावर २० ते ४० मिमी. आपल्याकडे सर्रास चुरी (क्रशरची दगडी भुकटी) टाकतात. तिच्यात पीठ जास्त असतं, पाणी धरून ठेवते, मग चाकांच्या रेषेत ब्लॉक खचतात आणि सांध्यातून गढूळ पाणी उडतं. कडेला कर्ब पक्का हवा आणि रचना हेरिंगबोन (ब्लॉक आडवे-उभे एकमेकांत अडकवलेली), कारण वळणाऱ्या चाकाचा रेटा तीच अडवते.

मालकाला दोन भाव द्या, ट्रकच्या वाटेला जाड ब्लॉक आणि मोटारसायकल-कार लागतात तिथे ६० मिमी. पैसे कुठे वाचतात ते दिसलं की तो तुमचं ऐकतो.

हिशेबनीस, रामबाग
कामाच्या ऑर्डरमध्ये टप्पे लिहून घ्या: आगाऊ रक्कम, खोदाई, दाबलेला थर, ब्लॉक. आगाऊ रक्कम किमान ब्लॉकच्या पहिल्या खेपेइतकी. बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल आणि बिल फाडलं की कर भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून शेवटी एकच मोठं बिल नको. तुमचा धंदा स्वतःच्या नावावर असेल तर टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा आयकर) १ टक्का कापतील, फर्म असेल तर २. तो तुमच्या नावावर जमा झाला की नाही हे आयकराच्या पोर्टलवर तपासत जा. मशीन कधी घेतलीच तर तिच्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तेव्हा पक्क्या बिलानेच घ्या.

त्या बिल्डरला लेखी पत्र द्या, मापं आणि तारखांसह. आणि त्याचं नवं काम जुने पैसे आल्याशिवाय धरू नका.

राऊकर
काका, मीटर बघितला. चांगल्या महिन्यातही १३० तासांच्या पुढे गेलेली नाही. बँकेला नाही कळवतो. ताई, उद्याच कारखान्यात जाऊन ट्रक कुठून येतात, कुठे वळतात ते बघतो आणि दोन भावांचा कागद करतो. एक राहिलं: त्यांना काम मार्चअखेर पूर्ण हवंय.

अन्नपूर्णावाले काका
मग होळीच्या आधीचा आठवडा वेळापत्रकातून काढूनच टाका. भगोरियाला तुमची सगळी माणसं झाबुआ-आलीराजपूरला जातील, आणि जायलाच हवीत, वर्षाचा सण आहे त्यांचा. त्यांचा हिशेब जाण्याआधी चुकता करा, म्हणजे सणानंतर तीच माणसं तुमच्याकडे परततील. इकडे रंगपंचमीला गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशीही कोणी हात लावणार नाही. खोदाई-भराव होळीआधी संपवा, ब्लॉक नंतर. मालकाला तारीख १५ एप्रिलची द्या आणि ती लेखी द्या.