विंडोज ७ : एक्स्पीरियन्स इंडेक्सचा आकडा वाढवणं आणि पीसी लवकर सुरू करणं

मुद्रा७
नमस्कार. डीटीपीच्या कामाचा विंडोज ७, ६४-बिट पीसी आहे. जुन्या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्याची जोडावी लागणारी चावी) पुढच्या विंडोजवर चालत नाही म्हणून तो तसाच ठेवलाय, नेटला जोडलेला नाही. आय३-२१००, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एक्स्पीरियन्स इंडेक्स, म्हणजे विंडोजनं पीसीच्या भागांना दिलेले गुण, असा : प्रोसेसर ७.०, मेमरी ५.९, ग्राफिक्स ४.७, गेमिंग ५.२, डिस्क ५.९. वर मोठ्या अक्षरात ४.७. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत पावणेतीन मिनिटं जातात.

दोन प्रश्न. हे आकडे फाइलमध्ये हातानं बदलता येतात म्हणे, ते कसं? आणि एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जची खिडकी) प्रोसेसरची संख्या ४ केली तर पीसी लवकर सुरू होतो का?

बूटलॉग
आकडे बदलता येतात. सी ड्राइव्ह, विंडोज, परफॉर्मन्स, विनसॅट, डेटास्टोअर या फोल्डरमध्ये तारीख-वेळेच्या नावाच्या एक्सएमएल फाइली असतात. ज्या नावात ‘फॉर्मल असेसमेंट’ आहे त्यातली सगळ्यात नवी घ्या. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा, मग दुसरी प्रत डेस्कटॉपवर नेऊन नोटपॅडमध्ये बदला आणि ॲडमिन परवानगीनं जागेवर परत टाका. वरच्याच भागात ‘विनएसपीआर’ नावाचा टॅग आहे, त्यात सिस्टिमस्कोअर, मेमरीस्कोअर, सीपीयूस्कोअर, ग्राफिक्सस्कोअर, गेमिंगस्कोअर, डिस्कस्कोअर सापडतील. सिस्टिमस्कोअर वेगळा बदलावा लागतो. सात मध्ये मोजपट्टी १.० ते ७.९ आहे, त्यापुढे जाऊ नका.

पण पीसी यानं तसूभरही वेगळा चालत नाही. मोठा आकडा सरासरी नसून पाचांतला सगळ्यात कमी आकडा असतो. तुमचा ४.७ म्हणजे फक्त एरोच्या (विंडोज ७ च्या पारदर्शक सजावटीच्या) खिडक्या रंगवण्याची ताकद, सुरू होण्याच्या वेळेशी त्याचा संबंध नाही. शिवाय पुन्हा मोजणी केली की नवी फाइल तयार होते आणि खरा आकडा परत दिसतो.

बदलण्याऐवजी ती फाइल वाचा, जास्त उपयोग होईल. त्याच टॅगमध्ये ‘लिमिट्स अप्लाइड’ हा भाग बघा. तुमच्याकडे बहुतेक असं दिसेल की ६४-बिट सिस्टिमच्या वाट्याला आलेली मेमरी ४ जीबीला ६४ एमबीहून जास्त कमी पडतेय, म्हणून मेमरीचा आकडा ५.९ वर अडवला. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, त्याचा हा परिणाम. डीडीआर३ ची तशीच ४ जीबीची दुसरी पट्टी लावलीत तर ही अट सुटते आणि ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) चालू झाल्यानं ग्राफिक्सलाही हातभार लागतो. तो वाढलेला आकडा मात्र खरा असेल.

खटका
एमएसकॉन्फिगचं उत्तर : करू नका. तो चौकोन रिकामा असताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. ती सोय प्रोसेसर *कमी* करून तपासण्यासाठी आहे. त्याच्या शेजारचा ‘मॅक्सिमम मेमरी’ तर अजिबात छेडू नका, चुकीचा आकडा पडला तर विंडोज तेवढीच रॅम वापरतं आणि मग पट्टी खराब झाली म्हणून लोक दुकानात धावतात. आधी कोणी टिक केली असेल तर काढून रीस्टार्ट करा. टाइमआउट ३० चा ३ केलात तरी एकच विंडोज असेल तर फरक नाही, तो मेन्यू दिसतच नाही.

आधी मोजा. इव्हेंट व्ह्यूअर, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे १०० क्रमांकाची नोंद उघडून ‘डिटेल्स’ मध्ये जा. ‘मेनपाथबूटटाइम’ म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ, ‘बूटपोस्टबूटटाइम’ म्हणजे त्यानंतर पीसी शांत होईपर्यंतचा, दोन्ही मिलिसेकंदांत. पहिला मोठा असेल तर डिस्क, ड्रायव्हर किंवा सर्व्हिस. दुसरा मोठा असेल तर स्टार्टअपमधली गर्दी. १०१ मध्ये रेंगाळणारं ॲप्लिकेशन, १०२ मध्ये ड्रायव्हर, १०३ मध्ये सर्व्हिस नावासकट मिळते.

मग एमएसकॉन्फिगच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ ला टिक करा आणि उरलेल्यांतूनच निवडा. डाँगलची सर्व्हिस बंद केलीत तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही, तिला हात लावू नका. आणि प्रीफेच फोल्डर (सुरू होताना काय वाचायचं याच्या विंडोजच्या नोंदी) ‘साफ’ करू नका, पुढचे काही बूट उलट लांबतात.

जुनीपट्टी
दोघांचं बरोबर, पण खरा अडसर ती फिरणारी डिस्क आहे. सुरू होताना विंडोज डिस्कवर विखुरलेले हजारो बारीक तुकडे वाचतं, आणि प्रत्येक वेळी डिस्कचं हेड हलावं लागतं. विंडोज ७ साध्या हार्ड डिस्कला ५.९ च्या वर जाऊ देत नाही ते याचसाठी. २.५ इंची साटा एसएसडी (साटा केबलला लागणारी, न फिरणारी चिपवाली डिस्क) बसवा. एच६१ ला साटा ३ गिगाबिटचीच आहे, पण बारीक तुकडे वाचताना ती मर्यादा गाठलीच जात नाही, तेव्हा महागडी घेऊ नका.

क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या डिस्कचं स्मार्ट (डिस्कनं स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) बघा. पेंडिंग सेक्टर (वाचायला अडणारे भाग) दिसले तर क्लोन करण्याआधी, म्हणजे डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याआधी, फाइलींची प्रत काढा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, बघा. तो आयडीई (जुनी पद्धत) असेल तर थेट एएचसीआय (नवी पद्धत) करू नका, 0x0000007B ची निळी स्क्रीन येईल, कारण तो ड्रायव्हर बूटच्या वेळी चढवलेला नसतो. आधी रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, एमएसएएचसीआय इथे ‘स्टार्ट’ ची किंमत ० करा, बंद करा, मग बायोस बदला. चुकून उलट झालं तर बायोस परत आयडीईवर आणा, विंडोज उघडतं.

क्लोन झाल्यावर विंडोजच्या पार्टिशनचा आरंभबिंदू (बाइटमध्ये) ४०९६ नं भागला जातो का पाहा, सातनं स्वतः केलेल्या पार्टिशनला जातोच. शेवटी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘विनसॅट फॉर्मल’ चालवा. सात या मोजणीवरूनच एसएसडी ओळखून डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र करणं) आणि सुपरफेच (लागणारं आधीच रॅममध्ये आणून ठेवणं) आवरतं घेतं. ही पायरी बरेच जण गाळतात. लॅपटॉपवर करत असाल तर चार्जर लावा, बॅटरीवर ही मोजणी होत नाही.

मुद्रा७
धन्यवाद. १०० ची नोंद पाहिली : मेनपाथ ७१ हजार, पोस्टबूट ८४ हजार. साटा मोड आयडीईच आहे. फॉन्ट फोल्डरमध्ये साडेनऊशे फॉन्ट आहेत, त्याचा काही संबंध?

खटका
आहे. बसवलेले फॉन्ट विंडोजला आणि प्रत्येक डीटीपी ॲप्लिकेशनला उघडताना मोजावे लागतात. रोजच्या कामाचे ठेवा, बाकीचे दुसऱ्या ड्राइव्हवर प्रकाशनानुसार फोल्डर करून ठेवा आणि काम आलं की बसवा. सिस्टिमचे फॉन्ट मात्र काढू नका. हे क्लोन करण्याआधीच उरकून घ्या.